लोखंड नव्हे, लोह

गेली चौदा वर्षं मी लोकांच्या पिठात लोखंड मिसळते आहे आणि अजून मोकळी फिरते आहे. एकदा नाकाबंदीत माझ्या गाडीच्या डिकीत करड्या भुकटीचे दोन डबे निघाले. हवालदारांनी विचारलं, हे काय? मी खरं तेच सांगितलं, "लोखंड. पिठात घालतो." त्यांनी माझ्याकडे, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "घरात सांगून आलायसा न्हवं?"

आता ते 'घालतो' वाचून पुण्या-मुंबईचे वाचक चष्मा पुसतील, म्हणून आधीच सांगून टाकते. मी बाई आहे. कोल्हापुरात आम्ही बायकाही 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच म्हणतो. लिहायला बसले की माझी बाई होते, बोलायला लागले की पुन्हा गडी. पन्नाशी उलटली तरी ही दोघं माझ्यात गुण्यागोविंदाने नांदतात.

माझा धंदा समजायला सोपा आहे, पटायला अवघड. आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या आणि पोरींच्या अंगात रक्त कमी असतं. गोळ्या दिल्या तर त्या उशीखाली जातात. चपाती मात्र पोटातच जाते. म्हणून पिठातच लोह घालायचं, जोडीला फॉलिक ॲसिड आणि बी-बारा. हे सगळं एकत्र केलेली भुकटी आमची कंपनी बनवते, आणि ती भुकटी पिठात नेमकी किती पडावी यासाठी एक यंत्र असतं, त्याला फीडर म्हणतात. वरून भुकटी ओतायची, खाली एक बारीकसा मळसूत्री दांडा फिरतो आणि वाहत्या पिठावर चिमूट-चिमूट सोडत राहतो. गिरण्यांमध्ये फीडर बसवणं, माणसं शिकवणं आणि तक्रारी आल्या की शिव्या खाणं, ही माझी नोकरी.

या लोहाचेही प्रकार असतात. काहींनी पीठ काळवंडतं, काहींनी चपातीला चावी चाटल्यासारखी चव येते. त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचं म्हणजे विजेच्या साहाय्याने काढलेलं शुद्ध लोखंड, तोंडाला लावायच्या पावडरीइतकं मऊ. पिठाला रंग नाही, चव नाही, वास नाही. एक टन पिठात जेमतेम एक मोठा चमचा. इतक्याशा चमच्यासाठी मी आयुष्य वेचलं, हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या की मीठ तरी विकायचं, निदान कमी पडलं तर कळतं.

आमच्या शिवाजी पेठेत मात्र मला मान आहे. तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर एकदा घरी आले. म्हणाले, सीझन तोंडावर आलाय, आमच्या पोरांच्या पिठात डबल टाका. मी समजावलं की लोह जास्त झालं तर अपाय होतो, सरकारने प्रमाण ठरवून दिलंय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, मग समोरच्या टीमच्या पिठातनं थोडं कमी करता येतंय का?"

असल्या लोकांत राहून माझी जीभ तयार झाली. मला लवकरच कळलं की 'पिठात लोखंड' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे खिळा येतो. मग मी एक युक्ती काढली. लोखंड हा शब्दच टाकला आणि 'लोह' म्हणायला लागले. वस्तू तीच, पण लोखंड म्हटलं की भंगारवाला आठवतो आणि लोह म्हटलं की वैद्य. या एका शब्दावर मी कितीतरी फीडर बसवले. आणि याच शब्दाने मला तोंडघशी पाडलं, तो प्रसंग आज सांगायचा आहे.

कुरुंदवाडच्या वाटेवर भूपालआण्णांची गिरणी आहे. आण्णा जैन, घरची शेती मोठी, बोलणं कमी. दोन निवासी शाळांना पीठ पुरवायचं काम त्यांना मिळालं होतं. शाळा मुलींच्या, आणि अट अशी की पीठ लोह घातलेलंच हवं. पहिल्याच भेटीत आण्णांनी मला विचारलं, "ताई, ही पावडर शाकाहारी हाय न्हवं?"

मी म्हटलं, शंभर टक्के. खनिज आहे, खाणीतून येतं.

"म्हंजे जमिनीखालचं."

मी म्हटलं, हो.

"जमिनीखालचं आमच्यात चालत न्हाई. कांदा न्हाई, बटाटा न्हाई, गाजर न्हाई."

मी घाबरले. पाऊण तास बोलले. खाण म्हणजे काय, कंद म्हणजे काय, लोहाला कोंब कसा फुटत नाही, त्यात जीव कसा नसतो. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. माझ्या घशाला कोरड पडली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "खानीतलं चालतंय की. तुमी बोलता चांगलं, म्हणून म्हटलं जरा ऐकावं."

हे झालं मालकाचं. खरा सामना होता सदामामांशी. सदामामा मूळचे नेसरीकडचे. तरुणपणी बारा वर्षं फौंड्रीत काढलेली, वितळलेलं लोखंड ओतण्यात, आणि पुढची वीस वर्षं या गिरणीत. दगडाला टाकी लावून खाचा पाडण्यापासून शेवटचं पोतं शिवण्यापर्यंत सगळी गिरणी त्यांच्या कानांवर चालायची. आवाज बदलला की सदामामा जेवण टाकून उठत. सगळी शिफ्ट जमवून मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं, आणि मामांनी पहिल्याच वाक्याला हात वर केला.

"बाई, पिठात लोखंड सापडलं तर गिरणीतल्या माणसाला कामावरनं काढत्यात. आनि तुमी पैसं घिऊन घालताय?"

शिफ्ट हसली. माझ्यासारख्या बाईला समोर चौदा माणसं हसताहेत म्हटल्यावर राहवतं थोडंच? मी पदर खोचला. म्हटलं, "मामा, तुम्ही म्हणताय ते लोखंड. हे लोह! लोखंडाची पहार होते, लोहाचं रक्त होतं. लोखंड गंजतं, लोह पचतं. त्या लोखंडाचा आणि ह्याचा काडीचा संबंध न्हाई."

शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. हे तेच लोखंड होतं, फक्त सोवळं नेसलेलं. मला ते ठाऊक होतं. पण टाळी तोंडाशी आली होती, आणि आलेली टाळी मी आजवर परत पाठवलेली नाही. टाळी पडली. मामांनी वाजवली नाही, पण मान हलवली. म्हणाले, "लोखंड न्हवं म्हणताय, तर मग घाला."

फीडर बसवायला गेले त्या दिवशी गिरणीचा इलेक्ट्रिशियन मिरजेला लग्नाला गेला होता. फीडर कुठे बसवायचा, याचा नियम पुस्तकात आहे. पण फीडरला वीज लागते आणि वीज जिथे प्लग असेल तिथेच मिळते. पीठ ज्या पन्हळीतून पोती भरायच्या जागेकडे घसरत येतं, तिच्या निम्म्या वाटेवर एका खांबाला प्लग होता. बसवला तिथेच.

त्याच पन्हळीच्या टोकाला एक स्टीलची पेटी होती. पेटीवर हळदकुंकू, जास्वंदाचं ताजं फूल. उदबत्ती मात्र नाही, कारण हवेत पीठ असतं, ठिणगीने पेट घेतं, एवढं भान तिथल्या भक्तांना होतं. आमच्याकडे उसाच्या घाण्याला कुंकू लागतं, ट्रॅक्टरला लागतं, बोअरच्या पंपालाही लागतं. मी देव कुठला हे विचारलं नाही. देव कुठला हे विचारलं की पुढचा प्रश्न वर्गणीचा येतो. पायातल्या चपला काढल्या आणि नमस्कार केला. फीडर नेमका देवाच्या पुढ्यात आला होता, नैवेद्य ठेवल्यासारखा. मला तो शुभशकुन वाटला. पुढे जेव्हा जेव्हा गिरणीत गेले तेव्हा तेव्हा आधी पेटीला नमस्कार आणि मग काम. मामा ते बघायचे आणि त्यांचा चेहरा थोडा मवाळ व्हायचा.

दोन महिन्यांनी शाळांनी पिठाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आण्णांचा फोन आला. आण्णा फोनवर चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. म्हणाले, "लोह न्हाई. या तुमी."

मी गेले. ऑफिसात आण्णा, सदामामा आणि आण्णांचा पुतण्या अभय. अभय इंजिनियर, नुकताच गिरणीत लक्ष घालायला लागलेला. मी माझी बॅग उघडली. आमच्याकडे एक झटपट परीक्षा असते. पीठ बशीत दाबून सपाट करायचं, वर दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे. पिठात लोह असेल तर थोड्या वेळाने लाल ठिपके उमटतात. मी गमतीने म्हणायचे, तांबडा आला की पास, पांढरा राहिला की नापास. मी थेंब टाकले. आम्ही चौघं बशीवर वाकलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बशी पांढरीशुभ्र. एका कोपऱ्यात एकच ठिपका आला, तोही असा लाजत की मोजायची आपल्यालाच लाज वाटावी.

मग अभयने लॅपटॉप फिरवला. त्याने गिरणीत कॅमेरे लावले होते. संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावरचं दृश्य होतं. सदामामा कॅमेऱ्याकडे पाठ करून काहीतरी झाडत होते. मग वळले. हातात कागद, कागदावर काळसर भुकटी. इकडेतिकडे बघून त्यांनी ती लोणच्याच्या बरणीत ओतली आणि बरणी पोत्यांच्या मागे सरकवली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

अभय म्हणाला, "म्याडम, पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर यांनीच विरोध केला होता. पावडर फीडरमध्ये जातच नाही. हे काढून घेतात."

आण्णांनी विचारलं, "सदाशिवा, बरणीत काय हाय?"

वीस वर्षं ज्याने गिरणीचा आवाज ऐकला, त्या माणसाचा स्वतःचा आवाज बंद. शेवटी मामा एवढंच म्हणाले की शनिवारच्या पगारापर्यंत कामावर राहू द्या, मग जातो. अभयने सांगितलं की शनिवारपर्यंतही मशीनला हात लावायचा नाही. हे सगळं दार उघडं ठेवून चाललं होतं. बाहेर शिफ्ट ऐकत होती.

आणि मी? मला बरं वाटलं. मामांनी चोरी केली असेल तर माझं यंत्र सुटलं, माझी कंपनी सुटली, मी सुटले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही. जाताना पेटीतल्या देवाला नेहमीपेक्षा खोल नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला कळवायचं म्हणून चहा पिता पिता प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढ्यात घेतला. आदल्या दिवशी मी त्यातली लोहाची तेवढी ओळ वाचली होती. खाली दुसरी ओळ होती. फॉलिक ॲसिड, प्रमाण योग्य. तिसरी ओळ, बी-बारा, प्रमाण योग्य.

चहा तसाच राहिला. तिन्ही वस्तू एकाच भुकटीत असतात. मामा भुकटी काढून घेत असते तर तिन्ही नाहीशा झाल्या असत्या. याचा अर्थ भुकटी पिठात पडत होती, रोज, बरोबर मापाने. मग पुढे जाऊन कुणीतरी त्यातलं नुसतं लोह वेचून खात होतं. तांदळातले खडे वेचावेत तसं. कोण?

मी गाडी काढली. सदामामा गिरणीच्या फाटकाबाहेर वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसले होते. आत मशीनला हात लावायचा नव्हता आणि घरी जायला तोंड नव्हतं. शेजारी पिशवी, पिशवीत बरणी. मी कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, "मामा, मला खरं सांगा. ते काळं काय हाय?"

त्यांनी पिशवीतली बरणी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "लोखंड."

"कुठलं?"

"गिरणीचं. दगडाच्या आजूबाजूला लोखंडी पत्रं असत्यात, ती घासाया लागल्यात. दगडाला टाकी म्या लावली हुती. माझाच हात चुकला असनार. रोज चमचाभर लोखंड निघतंय, बाई. वीस वर्सांत कधी चिमूटबी निघालं न्हवतं."

मामा पुढे सांगत राहिले. वय झालं, हात चुकायला लागला, हे मालकांना कळलं तर काढून टाकतील, म्हणून बरणीत लपवत होते. सुट्टीच्या दिवशी एकटे येऊन दोनदा दगड खोलून बघितले. काही सापडलं नाही. तरी लोखंड निघतच होतं.

मी विचारलं, "पण मामा, ते आमच्या पावडरीतलं असंल, असं तुमास्नी वाटलं न्हाई?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, मुलाचा पाढा चुकला की मास्तर बघतात तसं. "तुमीच म्हणालावता की. ह्ये लोखंड न्हवं, लोह हाय. काडीचा संबंध न्हाई."

मग मी विचारलं की हे लोखंड गोळा होतं कुठे.

"पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"चुंबकाच्या. पिठात खिळाबिळा आला तर पोतं भरायच्या आधी धरायला असतोय न्हवं चुंबक? त्या पेटीत." आणि मग, माझी दया येऊन की काय, त्यांनी खुलासा केला, "तुमी दर खेपेला पाया पडता की."

तर वाचकहो, दोन महिने मी एका चुंबकाला नमस्कार करत होते. मी वरून लोखंड सोडत होते आणि खाली देव ते निगुतीने वेचून घेत होता. पुस्तकातला नियम एका ओळीचा आहे, फीडर चुंबकाच्या पलीकडे बसवावा, अलीकडे बसवू नये. हा नियम मी इतर गिरण्यांत घसा फोडून सांगत असते. इथे प्लग मिळाला म्हणून मी नियम विसरले आणि कुंकू दिसलं म्हणून चुंबक ओळखला नाही.

मी मामांचा दंड धरला आणि त्यांना आण्णांच्या ऑफिसात घेऊन गेले. बरणी टेबलावर ठेवली. बरणीतला चमचाभर माल बशीतल्या पिठावर पसरला, थेंब टाकले. बशी अशी लाल झाली की अभय खुर्ची मागे घेऊन बसला. मग मी सगळं सांगितलं. प्लग, पेटी, नमस्कार, लोह, लोखंड. एक शब्द सजवला नाही, माझ्या दृष्टीने तोच मोठा उपवास.

अभयला हसू आवरेना. आण्णा हसले नाहीत.

"दोन महिनं पोरींनी काय खाल्लं मग?"

"साधं पीठ, आण्णा."

"आनि पिशवीवर काय छापलंय?"

त्या शाळांतल्या मुली दोन महिने चपाती खात होत्या, पिशवी सांगत होती की रक्त वाढेल, आणि ते रक्त लोणच्याच्या बरणीत साठत होतं. दुपारीच मी दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापिकांना माझ्या नावाने पत्र लिहिलं, चूक माझी आहे आणि कशी झाली तेही. कंपनीने नंतर विचारलं की एवढं सविस्तर लिहायची काय गरज होती. मी म्हटलं, थोडक्यात लिहिता येत नाही.

पण हे दुपारचं. त्याआधी ऑफिसात अभय उठला. पोरगा मनाने वाईट नाही. मामांपुढे उभा राहून म्हणाला, मामा, चुकलं माझं. मीही हात जोडले. मामांनी दोघांकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"हितं न्हाई. काल दार उघडं हुतं."

आण्णा उठले आणि स्वतः दार उघडून बाहेर गेले. गिरणी थांबवायला लावली. शिफ्ट जमली, पोती शिवणाऱ्या बायकाही आल्या. अभयने दोन वाक्यांत सांगितलं की सदामामांवर घेतलेला संशय खोटा होता आणि ते आजपासून पुन्हा मशीनवर आहेत. मग माझी पाळी. मी गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीवर चढले. म्हटलं, मामांनी काहीही चोरलेलं नाही, त्यांचा हातही चुकलेला नाही, दगड चोख आहेत. चुकले मी. मी तुम्हाला इथेच उभी राहून सांगितलं होतं की हे लोखंड नाही. हे लोखंडच आहे.

मागून एक बाई म्हणाली, "आमास्नी वाटलंच हुतं."

शिफ्ट हसली. चौदा माणसं, शिवाय बायका, सगळे माझ्याकडे बघत होते. माफी मागून संपली होती, खाली उतरायला हवं होतं. पण मला आतून काहीतरी चढायला लागलं. मी पदर खोचला, एक हात वर केला आणि म्हटलं, "पण मंडळी, लोखंड लोखंडात फरक असतोय! एक लोखंड..."

सदामामा स्टार्टरपाशी गेले होते. त्यांनी हिरवं बटण दाबलं. पट्टा सुटला, दगड फिरायला लागले आणि माझं उरलेलं भाषण गव्हाबरोबर दळलं गेलं. मामांनी मान तिरकी करून दगडांचा आवाज ऐकला. मग मला हातानेच खूण केली, खाली उतरा, ते पोतं आता घ्यायचं आहे.